चौकटीतून गायब झालेले नातेवाईक

आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, तेव्हा म्हसावदच्या घरी दुपारचं जेवण ठेवलं होतं. मी नुकतीच पायथन शिकत होते, आणि शिकलेलं चारचौघांना दाखवल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून टीकिंटर हे पायथनचं खिडक्या बनवायचं साधन वापरून स्क्रीनवर एक खिडकी बनवली. प्रत्येक नातेवाइकाची एक चौकट, तीत फोटो, खाली नातं. लॅपटॉप टीव्हीला जोडला, पाहुणे सतरंजीवर बसले आणि मी प्रोग्राम सुरू केला.

सगळ्या चौकटी रिकाम्या! फक्त शेवटच्या चौकटीत धाकट्या आत्याचे यजमान गॉगल लावून हसत होते.

"मन्हा फोटो कथा ग्या?" थोरल्या काकांनी आपल्या रिकाम्या चौकटीकडे बोट दाखवून विचारलं. त्यांचं आणि आत्याच्या यजमानांचं पत्त्यांच्या डावावरून वाजलेलं होतं, त्यामुळे काकांना यात माझं राजकारण दिसलं.

"काका, तुम्ही आत शेतस. फक्त दिखतस नही."

"मी बी दिखत नही," वडील म्हणाले. "लगीन मन्हं शे ना?"

फोटोंच्या फाइली जागेवर होत्या. चौकटी मांडायची ओळही होती. एरर तर एकही नव्हती. वैतागून मी काकांना प्रोग्राममधल्या क्रमात सगळ्यांच्या शेवटी टाकलं. लगेच काका झळकले आणि आत्याचे यजमान गडप झाले. काकांनी मिशीवरून हात फिरवला.

"माले बी शेवटे टाक," मावशी म्हणाली. मग सगळेच म्हणू लागले. पंगतीत पहिल्या ताटासाठी अडून बसणारी ही माणसं शेवटच्या जागेसाठी भांडत होती, आणि आत वरण-बट्टी गार होत होती.

शेवटचाच का दिसतो, हा विचार करताना उलगडलं. सगळे फोटो मी आळीपाळीने एकाच नावाच्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे एकाच डब्यात, ठेवत होते. पुढचा आला की आधीच्याला कुणी वाली उरत नसे, आणि पायथन त्याला रद्दी समजून फेकून देई. चौकट तेवढी राही. मी एक लिस्ट केली आणि प्रत्येक फोटो तीत जपून ठेवला.

सगळे उगवले. काका आणि आत्याचे यजमान शेजारी शेजारी आले, तेही दोघांनी चालवून घेतलं.

आईने स्वतःचा फोटो नीट पाहिला आणि नाक मुरडलं.

"माय, मन्हा एकलीना काढी टाक," ती म्हणाली. "पहिले बरं व्हतं."