ओलं फडकं
हातातल्या छोट्या गेम-सेटची पाठ तापली की मला बडनेऱ्याची ती दुपार आठवते. लहानपणीचे गेम त्यात चालतात म्हणून मी तो नुकताच घेतला होता. बाबांनी त्याला हात लावून पाहिला आणि आम्ही दोघंही हसलो. पूर्वी ड्युटीवरून आले की आम्ही मुलं चोरून खेळलो का, हे बघायला ते टीव्हीच्या गेमचा अडॅप्टर तापलाय का ते असंच चाचपायचे. आमची चोरी पकडली जाऊ नये म्हणून आई त्यावर ओलं फडकं ठेवायची. पुढे त्यांनी चाचपणंच सोडलं. “आईनं तुम्हाला चांगलं फसवलं,” मी म्हटलं. बाबा म्हणाले, “अडॅप्टर थंडा राहे, पण ओला राहे. तुह्या मायले करंट लागंन एखांद्या दिवशी, म्हून सोडलं मी.” त्या दुपारी आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी गेम बंद केला. सेट गार झाला, तरी बाबांनी त्यावरचा हात काढला नाही.