आधी जनावरं पितात

शेळ्यांनी झऱ्याला तोंड लावलं आणि तिथेच पाय झाडत पडल्या. आमच्या पाड्यावर आधी जनावरं पितात, मग माणसं घागर बुडवतात. म्हणून माझी घागर कोरडी राहिली.

वर जंगल तोडून कुणी गांजा लावला होता. त्यावर फवारायचं औषध उगमापाशीच कालवलं होतं. पोलिसांनी गांजा उपटून जाळला. झाडांचा आणि पाण्याचा खटला वनखात्याने वेगळा लावला. त्यात साक्षीदार मी.

आरोपींच्या वकिलाने विचारलं, "आजी, पाण्यात विष होतं कशावरून? तुम्ही प्यायलात का?"

"प्याले असते तर हे विचारायला तुला मी सापडले असते का, बाबा?"

कोर्टात लोक हसले. मला हसू आलं नाही. गांजा जाळता येतो, पण पाणी कशाने धुवायचं? निकाल लागायचा आहे, आणि पाडा अजून लांबच्या विहिरीवर जातो.

आज माझी लंगडी शेळी झऱ्याशी थांबली. तिने पाणी हुंगलं आणि मागे सरली. त्या दिवशी ती लंगडत मागे राहिली होती. कळपातली तेवढी एकच वाचली, आणि तिच्यामागून चालणारी मी.