ज्याची त्याची गोळी

गयाबाई टँकरच्या रांगेत चक्कर येऊन पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. त्यात चूक माझी होती. मी ती दुसऱ्याच्या माथी मारली.

शहराच्या कडेला नवी वस्ती वाढत होती. दुष्काळामुळे सिल्लोड, अजिंठ्याकडची माणसं तिथं बांधकामावर आली होती. तिथल्या दवाखान्यात मी कंत्राटी डॉक्टर होतो, म्हणजे मुदत संपली की घरी. माझ्याआधी दोघं असेच येऊन गेले होते. त्यामुळे पेशंट दुखणं सांगण्याआधी विचारायचे, "तुम्ही किती दिस?" मला त्याचा कंटाळा आला होता.

गयाबाईंना बीपी होतं.

"मावशी, गोळी चालू आहे ना?"

"व्हय."

बाहेर गर्दी होती. साठ्यात आलेली नवी गोळी लिहून दिली.

त्या पडल्यावर सिस्टरनी बीपी मोजलं. फारच खाली गेलं होतं. त्यांच्या मुलानं, रमेशनं, औषधांची पिशवी उपडी केली. पांढरी, पिवळी, गुलाबी अशी तीन पाकिटं. औषध एकच, कंपन्या तीन.

"मावशी, तिन्ही घेता?"

"पांढरी पहिल्या डॉक्टरची, पिवळी त्या डॉक्टरीणबाईंची, ही तुमची. एकाची घ्यायची, एकाची टाकायची, बरं दिसत नाय."

त्यांचं 'व्हय' खरं होतं. माझा प्रश्न अर्धा होता. जुनी बंद करा, हे मी बोललोच नव्हतो.

इन्चार्ज डॉक्टरांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "हे बाहेर बोलू नका. तुमचं रिन्यूअल आहे ना?"

मी बाहेर आलो आणि भरल्या ओपीडीत रमेशला म्हणालो, "आई काय खाते, एवढंही बघत नाही का रे?" तो मान खाली घालून उभा राहिला.

रिन्यूअल झालं. आता मी 'चालू आहे ना' विचारत नाही, पिशवी दाखवा म्हणतो. पण त्या दिवसांत रमेश समोर आला की मी उगाच कागद चाळायचो.

शेवटी एका रविवारी त्यांच्या पत्र्याच्या खोलीवर गेलो. गयाबाईंच्या हाताला अजून प्लास्टर होतं.

"निघाले का डॉक्टर? तुम्ही बी?"

"नाही मावशी, आहे अजून. जुनी गोळी बंद करा, हे मी तुम्हाला सांगितलं नाही. म्हणून तुम्ही पडलात. आणि रमेश, चूक माझी असताना चारचौघांत तुला बोललो. मला माफ करा, दोघंही."