रानपिंगळ्यामागची हाक

भुसावळचे मामा अजून पाहुण्यांना माझी ओळख करून देतात ती अशी: "हा आमचा भाचा. प्राणिशास्त्रात डॉक्टर झाला आणि आता लोकांना घुबडं दाखवत फिरतो." पाहुणे हसतात, मीही हसतो आणि मनातल्या मनात चरफडतो, कारण ते खरंच आहे. कॉलेजात नोकरी लागली नाही, म्हणून सातपुड्याच्या पायथ्याशी मी पर्यटकांना पक्षी दाखवतो. बहुतेकांना एकच हवा असतो, रानपिंगळा. वीतभर उंचीचं, दिवसाढवळ्या फिरणारं हे घुबड आता फार थोड्या ठिकाणी उरलंय.

अभ्यासाच्या दिवसांत तिथल्याच एका शेतकऱ्याच्या, नानांच्या, वावराच्या बांधावर बसून मी नराचा आवाज रेकॉर्ड केला होता. नेमकं शेवटी नानांच्या बायकोने, आमच्या अक्कांनी, झोपडीतून चहाला हाक मारली, "आहो, च्या थंडा हुई ऱ्हायना!" तेवढं कापायचं राहून गेलं. पण पिंगळा इतका स्वच्छ आला होता की मी फुशारकीने तो पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. घ्या म्हटलं, कोणाला हवा त्याने घ्या. एवढी मोठी चूक मी आयुष्यात दुसरी केली नसेल.

यंदा त्याच बांधावरच्या मोईच्या झाडात, ढोलीत, जोडी बसली. मादी आत पिल्लांपाशी आणि नर सरडे आणून देणार, असा त्यांचा संसार. पण दुसऱ्या नराचा आवाज कानावर पडला की हा शिकार सोडून भांडायला धावतो. फोटोवाल्यांना तेच हवं असतं. रोज सकाळी गाड्या येऊ लागल्या, झाडाखाली स्पीकर लागू लागला. एकदा माझ्या डोळ्यांदेखत नराने चोचीतला सरडा टाकला आणि समोरच्या फांदीवर येऊन अंग फुगवून ओरडत राहिला. आत पिल्लं उपाशी. स्पीकर लावणाऱ्या गाइडला मी चांगलंच झापलं. तो शांतपणे म्हणाला, "सर, रेकॉर्डिंग तुमचंच आहे."

वनखात्यात गेलो. जागा खाजगी आहे, मालकाला सांगा, असं उत्तर मिळालं.

मालक म्हणजे नाना. ते बांधावरच बसलेले असायचे. "नाना, ह्यांना वावरात येऊ देऊ नका. पिल्लं मरतील," मी म्हणालो. नाना म्हणाले, "भाऊ, तेसले कसा नही म्हनू? शेवटले तुनी अक्का बोलस ना."

अक्का गेल्या उन्हाळ्यात वारल्या होत्या. त्यांची हाक ऐकायला हा माणूस रोज तिथे येऊन बसतोय, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी घाईघाईने रेकॉर्डिंग त्यांच्या मोबाईलमध्ये टाकून दिलं. दोन दिवसांनी त्यांनी नकारार्थी मान हलवली. "घरमा वाजाडं तं मोबाईलमाईन येस. आठे वावरमाईन येस." त्यांना ती हाक इथे, वावरातूनच यायला हवी होती. मला त्यांचा राग आला, आणि राग आल्याची लाज वाटली. दोन्हींचा पिल्लांना काही उपयोग नव्हता.

पंधरा दिवसांत पिल्लांचा आवाज बंद झाला. मादी दिसेना. नर दोन दिवस आसपास होता, मग तोही गेला. स्पीकरमुळेच झालं असं छातीठोकपणे सांगता येत नाही, एवढं शास्त्र मी शिकलोय. पण दुसरं काही मनाला पटत नाही. पक्षी नाही म्हटल्यावर गाड्याही थांबल्या.

ढोलीची मापं घ्यायला मी शेवटचा गेलो, तेव्हा नाना बांधावर एकटेच होते. "भाऊ, तुनाकडे शे ना ते? वाजाड."

पक्ष्याला कधीच आवाज ऐकवायचा नाही, असं मी ठरवलं होतं. आता ऐकायला पक्षीच नव्हता. मी स्पीकर मोईखाली ठेवला. पिंगळा ओरडू लागला. ढोलीतून कोणी बाहेर आलं नाही. मग अक्कांनी हाक मारली.

नानांनी झोपडीकडे तोंड वळवलं आणि आलो म्हणून ओ दिली. "उनू वं," ते म्हणाले, "उनू."