लोणीमिस्त्रीचा पिंजरा

त्याला सगळे लोणी म्हणत. लोणीमिस्त्री. आता हा एवढा खरखरीत माणूस, हाताला घट्टे, जिभेला त्याहून जास्त, जन्मात कुणाला कधी लोणी लावलं नाही, आणि नाव पडलं ते हे! पण नाव स्वभावावरून पडलंच नव्हतं, कामावरून पडलं होतं. फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, जिन्याचे कठडे हा त्याचा धंदा. लोखंडाला लोखंड जोडायचा आणि मग ग्राइंडर घेऊन तो सांधा असा घासायचा, असा घासायचा, की बोट फिरवलं तर कुठे अडायचं नाही. वरून लांबीचा, म्हणजे खाचा बुजवायच्या लगद्याचा, पातळ हात, मग रंग. गिऱ्हाईक विचारायचं, "मिस्त्री, जोडलंय कुठे?" झालं, स्वारी खूश. त्या दिवशी घरी गेल्यावर बायकोशी चक्क दोन गोड शब्द बोलायचा.

दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवण्यात मात्र त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. रस्त्याने जाताना कुणाच्या फाटकावर वेल्डिंगची गाठ दिसली की तिथेच थांबायचा आणि घरमालकाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचा, "काय मुंगळे चिकटवलेत की काय हो!" बायको हाताला धरून पुढे ओढायची. "सांधा दिसला की मिस्त्री उघडा पडला," हे त्याचं ठरलेलं वाक्य. ऐकून ऐकून बायकोचे कान किटले होते.

आणि खरं सांगू का, फाटकाला काय धाड भरते? घासता घासता निम्मं वेल्डिंग उडालं तरी फाटक उभं राहतं. त्याला ना कुठे पळायचं असतं ना कुठे पडायचं असतं. म्हणून ही सवय त्याला कधी नडली नाही. सगळा जन्म तिच्यावर निभावला.

लेक एकच. बापावर गेलेली, म्हणजे हट्टी. कुरियरच्या गोदामात कामाला होती, कुठली गाडी कुठे जायची ते बघायची. साठवलेल्या पैशांतून तिने काय आणावं? तर एक जुनापुराणा ट्रक. पुढे दोन माणसांची केबिन, मागे उघडा हौदा, चारही चाकांना जोर. रविवारी आपल्यासारख्याच चारदोन खुळ्यांबरोबर गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत जायची आणि जिथे शेळीसुद्धा विचार करून पाय टाकेल तिथे ट्रक चढवायची.

लोणीने ट्रक बघितला आणि उंबऱ्यातूनच ओरडला, "हे भंगार माझ्या दारात उभं राहणार नाही!"

"मग मीही नाही राहणार," लेक म्हणाली आणि सामान भरून गोदामाजवळच्या खोलीत राहायला गेली.

दोन वर्षं बापलेक बोलले नाहीत. आई बिचारी मधल्या मध्ये टपालवाली झाली. "तिला सांग, बाटलीतलं गार पाणी पिऊ नको म्हणावं, घसा धरतो." "त्यांना सांग, माझा घसा मी बघते." असला निरोपांचा कारभार. दोघांचाही जीव तुटायचा, पण आधी कोण वाकणार? लोखंड वाकवणाऱ्याला तेवढंच काय ते जमत नव्हतं.

मग एक दिवस उतारावर ट्रक कलंडला. केबिनचं छत आत दबलं आणि पोरीच्या खांद्याचं हाड मोडलं. आई दवाखान्यातून घरी आली, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "छत आणखी वीतभर खाली आलं असतं ना, तर आज मी तुमच्याशी बोलायला आले नसते."

लोणी जेवत होता. ताट तसंच सरकवून उठला, खिशात टेप घातली आणि तडक गोदामाच्या आवारात गेला. पोरगी गळ्यात हात अडकवून उभी होती. हा थेट तिथे आणून ठेवलेल्या ट्रककडे वळला. केबिनमध्ये शिरला, खाली वाकला, वर चाचपलं, मापं घेतली. बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "याच्या आत पाइपांचा सांगाडा बसवतात म्हणे. तो कोण करणार आहे?"

"बघेन कुणाकडून तरी."

"कुणाकडून तरी म्हणजे? बाप मेलाय का?"

पोरीला हसू आलं आणि रडूही आलं. ट्रक दुसऱ्या दिवशी बापाच्या दारात उभा राहिला.

तिच्या मंडळींत त्याला रोल केज म्हणत. लोणीने पहिल्याच दिवशी त्याचं नाव पिंजरा करून टाकलं. गाडी उलटली तरी छत माणसाच्या डोक्यावर येऊ नये म्हणून आतून उभी केलेली ही चौकट. असलं काम त्याने उभ्या आयुष्यात केलं नव्हतं, पण पोरीसाठी करायचं म्हटल्यावर माणसाच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. जाळ्यांच्या पातळ पाइपाला त्याने हातही लावला नाही, दुकानं फिरून जाडजूड पाइप आणला, आणि दुकानदाराने "फाटकाला एवढा कशाला?" विचारलं तेव्हा त्याच्यावरच खेकसला. हाताने फिरवायच्या यंत्रावर एकेक वळण काढलं. एक वळण जरा चपटलं, तर अख्खा तुकडा फेकून दिला. सीटच्या मागे मोठी कमान, पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरणारे पाय, कमानीत एक तिरका दांडा, मागे हौद्यात जाणारे दोन आधार. पाइपाचं टोक दुसऱ्या पाइपावर घट्ट बसावं म्हणून टोकाला माशाच्या तोंडासारखी खाच, आणि ती कानशीने इतकी जुळवलेली की मध्ये कागद शिरू नये.

छताजवळचे सांधे वरून कसे जोडायचे, हा पेच होता. कमान छताला खेटलेली, हात जाणार कुठून? लोणीने डोकं खाजवलं आणि केबिनच्या तळालाच भोकं पाडली. पाय त्या भोकांतून खाली सोडले, सगळा पिंजरा छतापासून हातभर खाली आला, वरचे सांधे निवांत जोडले, मग पुन्हा वर उचलून पायांखाली जाड पट्ट्या घातल्या आणि वरून-खालून बोल्टांनी आवळल्या. "बघ," तो बायकोला म्हणाला, "बाप म्हणतात याला." बायकोने रंग निवडला, हळदीसारखा पिवळा. पोरगी रोज कामावरून सुटली की यायची, एका हाताने पाइप धरायची, बापाच्या शिव्या खायची, आणि जाताना दोघंही दारात उगाच रेंगाळायचे.

पिंजरा बसला. आता राहिलं होतं ते त्याचं आवडतं काम. लोणीने ग्राइंडर घेतला आणि जिथे जिथे पोहोचता आलं, तिथला एकेक सांधा लोण्यासारखा केला. लेकीच्या गाडीत मुंगळे राहू द्यायचे? छे! सगळ्या जन्मात इतकं मन लावून त्याने काही घासलं नव्हतं. पाठ दुखली, डोळे चुरचुरले, तरी हा आपला गुणगुणत बसलेला. मग लांबी, मग पिवळा रंग.

संध्याकाळी पोरगी आली. बऱ्या झालेल्या हाताने एका सांध्यावरून बोट फिरवलं, मग दुसऱ्यावरून. वळून बापाच्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाली, "बाबा, कुठे जोडलंय तेच कळत नाही."

यापेक्षा मोठी शाबासकी लोणीला माहीत नव्हती. तो असा हसला की बायको बघतच राहिली.

"रविवारी या तुम्ही खाणीत," पोरगी म्हणाली. "तुमच्यासमोर पहिली चक्कर."

रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला. खाणीच्या काठावर पोरीच्या दोस्तांमध्ये उभा राहिला आणि न विचारता सगळ्यांना सांगत सुटला की पिंजरा मी केलाय. पोरीने एक चक्कर सावकाश मारली, त्याच्यासमोरून जाताना हॉर्न वाजवला. दुसऱ्या चक्करीत वरच्या वाटेची कड ढासळली. ट्रक आडवा झाला, पालथा झाला, पुन्हा उलटला आणि तळाशी जाऊन थांबला.

दोस्त धावले. लोणीही धावला, घसरला, उठला, पुन्हा धावला. "पिंजरा आहे, पिंजरा आहे," असं तो धावताना मोठ्याने म्हणत होता. खाली पोहोचेपर्यंत म्हणत होता.

पोरगी तिथेच गेली.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. माणसं आली, बसली, गेली. ट्रक कुठे न्यायचा ते कुणाला सुचेना म्हणून दोस्तांनी तो ओढून लोणीच्याच कामाच्या शेडमागे आणून ठेवला आणि वर ताडपत्री टाकली. लोणी तिकडे फिरकत नसे. पण किती दिवस? एका दुपारी त्याने ताडपत्री ओढली आणि आत बघितलं.

पाइप कुठे चपटला नव्हता. वळण कुठे फाटलं नव्हतं. पायांचे बोल्ट जागच्या जागी. सुटले होते ते वरचे सांधे. छताकडची अर्धी बाजू, जिथे ग्राइंडर शिरला नव्हता, तिथे वेल्डिंगची जाड गाठ अजून लोखंड धरून होती. आतली बाजू, डोळ्यांसमोरची, लोण्यासारखी केलेली, ती उसवली होती. घासलेल्या प्रत्येक सांध्याला भेग, न घासलेला एकही सुटलेला नाही. कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. सांध्याचा जोर त्या गाठीत होता आणि गाठी त्याने स्वतःच्या हाताने काढून टाकल्या होत्या. लोणी खाली बसला. एका भेगेवरून बोट फिरवलं, ते अडलं.

हे बायकोला कसं सांगायचं? रोज ठरवायचा, रोज तोंड मिटायचा. ती नशिबाला बोल लावायची, खाणीला लावायची, आणि हा मान खाली घालून ऐकायचा. शेवटी त्याला ते सहन होईना. तिच्यापासून हे लपवून तिच्या हातचं खायचं, हे त्याला चोरीसारखं वाटायला लागलं.

एका सकाळी बायको पोरीच्या खोलीवरून आणलेले कपडे उन्हात घेऊन बसली होती. हा तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"अगं," तो म्हणाला, "पोरीला खाणीने नाही मारलं. मी मारलं. मी ते सांधे घासले, म्हणून सुटले. घासायचे नसतात ते."

बायकोने मान वर केली नाही. हातातला सदरा तसाच धरून म्हणाली, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"घासायचे नसतात ते. तिने सांगितलं होतं मला, त्याच संध्याकाळी. तुम्ही हात धुवायला गेला होतात. म्हणाली, 'आई, त्या गाठी तशाच ठेवायच्या असतात गं, बाबांनी सगळ्या काढून टाकल्या. पण त्यांचं तोंड बघितलंस का? दोन वर्षांनी असे हसलेत. आता कसं सांगू? रविवारी हळूच चक्कर मारून दाखवते, मग दुसरीकडे नेऊन गुपचूप पुन्हा जोडून घेईन. तू काही बोलू नकोस हं.'" तिने सदरा मांडीवर ठेवला. "आणि मी बोलले नाही हो. मलाही तुम्ही हसताना बरे दिसत होतात. मी एक शब्द बोलले असते तर? मी सांगायला हवं होतं ना?"

मायलेकी दोघींना माहीत होतं. ओठांवर आलेलं एकच होतं, 'अगं, का नाही बोललीस?' बायको आता त्याच्याकडेच बघत होती. त्याने ते गिळलं.

"सांगितलं असतंस तर मी ऐकलं असतं?" तो म्हणाला. "तीस वर्षं ओळखतेस मला. कधी कुणाचं ऐकलंय मी? उलट तुझ्याच अंगावर धावलो असतो."

बायकोने रडत रडत त्याच्याकडे बघितलं. "नसतंच ऐकलं तुम्ही," ती हळूच म्हणाली.

"तेच तर सांगतोय."

ती पुन्हा सदऱ्याची घडी घालायला लागली.

साफ खोटं बोलला होता तो. पोरीने नुसतं 'बाबा, हे चुकलंय' म्हटलं असतं, तर तो चिडला असता, हातोडा आपटला असता, चार शिव्या दिल्या असत्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे सांधे कापून पहिल्यापासून जोडायला बसला असता. हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. बायकोला ते कधी कळता कामा नये, एवढंच आता त्याच्या हातात उरलं होतं.