शिळं पाणी

अमरावतीत मी टिकले ती घरमालकीण काकूंमुळे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे सगळी माझी चूक आहे.

नववी अर्ध्यात सोडून मी अकोल्याकडच्या आमच्या भाजीच्या मळ्यातून इथे आले, शहराजवळच्या नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात कामाला. एकट्या पोरीला खोली कुणी देत नव्हतं. काकू म्हणाल्या, "राह्य. पण सकाळी उपाशी गेली तं खोली खाली करजो."

त्यांच्या बैठकीत काचेची टाकी होती. दहा निऑन टेट्रा मासे, नखाएवढे, अंगावर निळी रेघ, शेपटीकडे लाल. एक वळला की दहाही वळायचे. काकूंचा नवरा वारलेला, लेक सासरी. म्हणायच्या, "हे दहा आन् मी, अकरा होतो. तू आली तं बारा."

लेकीच्या बाळंतपणाला काकू महिनाभर गेल्या. "चिमूटभर खाणं टाकजो," एवढंच सांगून. पाण्याचं काही बोलल्या नाहीत.

आमच्याकडे नळ आला की आधी भांड्यांतलं जुनं पाणी फेकायचं, भांडी घासायची, मग ताजं भरायचं. शिळं पाणी कुणाला पाजायचं नाही, हा आईचा दंडक. टाकीतलं पाणी मला पिवळट दिसलं. नळाच्या दिवशी मी मासे गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात काढले, टाकी, खडे, सगळं घासलं आणि नळाचं पाणी काठोकाठ भरलं. औषधाचा वास येत होता. मला तो स्वच्छ वाटला.

कामावरून आले तर नऊ मासे वर तरंगत होते. एक हवेच्या नळीमागे लपून होता.

मासेवाल्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवा लागते, ताई, औषध उडून जाते. अन् बदलाचं तं थोडंसंच." मी नवे नऊ मागितले, काकूंना कळू नये म्हणून. "आता टाकले तं तेबी मरतीन. महिनाभर टाकी तशीच राहू द्या, पाणी मुरू द्या."

"अन् हा एकटा?"

"एकटा खात नाही तो."

काकूंचा फोन आला की मी म्हणायचे, "मजेत हायेत." रोज खाणं टाकायचे आणि रोज ते तळाशी बसायचं.

काकू आल्या त्या दिवशी मी बॅग भरून बसले होते. त्यांनी चप्पल काढायच्या आधी टाकीकडे पाहिलं.

"सारं पाणी बदललं?"

"शिळं झालं होतं, काकू."

त्या खाली बसल्या. नळीमागच्या एकट्या माशाकडे वाकून पाहू लागल्या. मग म्हणाल्या, "मीच सांगतलं नाही तुले." तेवढ्यात बॅग दिसली. "हे काय? तूबी चालली का?"

मी बॅग मागे सरकवली.

"ठेव ते बॅग वर, खोलीत. जेवली का?"

चार दिवसांनी तोही गेला. काकूंनी त्याला तुळशीच्या कुंडीत पुरलं. नवे आणू म्हटलं तर म्हणाल्या, "नोको आता." टाकी तिथेच आहे, रिकामी. आता नळ आला की त्या खालून हाक मारतात, "पाणी आलं वं," आणि माझा जीव घाबरा होतो.

काकू, ती टाकी मी कधीतरी भरीन. दोन दिवस उघडं ठेवलेलं पाणी घालीन, महिनाभर तसंच राहू देईन, मग दहा आणीन. तुम्ही नको म्हणाल. तरी आणीन.