चुंबक नसलेली पेटी

चिखलीच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवतो. रेणूंचं वजन सांगणारा मास स्पेक्ट्रोमीटर मी जन्मात पाहिला नव्हता, पण शिकवायचो छाती ठोकून. फळ्यावर वाकडी नळी, तिच्याशेजारी भलंमोठं चुंबक. हलका आयन, म्हणजे विद्युतभार असलेला कण, जास्त वळतो, जड कमी. झाला तास.

यंदा मलकापूरच्या एका तपासणी लॅबमध्ये हे यंत्र आलं, म्हणून एम.एस्सी.ची पोरं घेऊन निघालो. राजूरच्या घाटातच मी दम भरला, "घड्याळं बाहेर काढून ठेवजा. चुंबक लय जबर राह्यते, मंग माह्याकडे रडत येऊ नका." सगळ्यांनी निमूट ऐकलं. लॅबच्या दारातल्या टेबलावर घड्याळांचा ढीग झाला.

यंत्र म्हणजे फ्रिजएवढी पेटी. मी ऐटीत विचारलं, "मॅडम, चुंबक कुठं बसवलं?"

"याच्यात चुंबक नसते, सर," यंत्र चालवणारी मुलगी म्हणाली. तिनं स्क्रीनवर चित्र दाखवलं. आत चार दांड्या. त्यांच्यावर वीज अशी खेळवतात की ठरावीक वजनाचा आणि विद्युतभाराचा आयनच मधून पार होतो. बाकीचे भरकटून दांड्यांवर आपटतात. वीज बदलत नेली की एकेक वजन पुढं येतं. चुंबकवाली यंत्रंही असतात म्हणा, पण जगात तेवढंच आहे असं मी धरून बसलो होतो.

मग तिची नजर टेबलाकडं गेली. "हे घड्याळं काऊन काढले?"

"हात धुवाले काढले, मॅडम," उंद्रीची एक विद्यार्थिनी पटकन बोलली. बाकीच्यांनी माना हलवल्या.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. एकाच्याही तोंडावर आश्चर्य नव्हतं. चार दांड्या त्यांनी कधीच मोबाईलवर पाहिल्या होत्या. घाटातही त्यांना ठाऊक होतं, तरी माझा मान राखला. कोणी हसलं असतं तर मी खेकसलो असतो आणि मोकळा झालो असतो. त्या सांभाळून घेण्यानं मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर चार दांड्या काढल्या. ‘माझं चुकलं’ हे शब्द काही तोंडातून निघाले नाहीत. "नव्या मशीनीत असं राह्यते," एवढंच पुटपुटलो.

तास संपल्यावर तीच उंद्रीची मुलगी टेबलापाशी आली. हळूच म्हणाली, "सर, पेपरात कोन्तं लिहू? मशीनीतलं, का तुमचं?"

टोमणा असता तर बरं झालं असतं. पेपर मीच तपासणार, म्हणून ती खरंच विचारून राह्यली होती.